नाकाच्या गावचा कांदा

नाशिक हे नाव नाकावरून पडलं, हे इथल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. पंचवटीत लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, नाक म्हणजे नासिका, म्हणून नासिक. नऊ टेकड्यांचं गाव म्हणून 'नवशिख', असं सांगणारे लोकही आहेत, पण त्यांच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. टेकड्यांच्या कथेत कापाकापी नाही ना! पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात, सातवाहन राजा कण्हाच्या काळी, नासिकच्या एका महामात्रानं लेणं कोरून घेतल्याची नोंद आहे. म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुनं. मोगलांनी मधे 'गुलशनाबाद' असं गुलाबी नाव ठेवून पाहिलं. ते टिकलं नाही, नाक टिकलं.

आता गंमत बघा. नाकावरून नाव पडलेल्या या गावाच्या जिल्ह्यात पीक कशाचं, तर कांद्याचं. आणि उगाच सोवळेपणाचा आव आणणाऱ्याला मराठीत काय म्हणतात, तर 'नाकानं कांदे सोलतोय'. जगात कांदा सगळीकडे आहे, नाकही सगळ्यांना आहे, पण दोघांची अशी गाठ घालायचं मराठीलाच सुचलं. वाक्प्रचार नाशिककरांनी घडवला असं माझं म्हणणं नाही. पण हक्क सांगायचा झाला तर पहिला अर्ज आमचा.

तर या कांद्याला जगभर काय काय म्हणतात आणि का म्हणतात, त्याची ही फेरी. डोळ्यांना पाणी येणार नाही, याची हमी.

कंदाचा कांदा

संस्कृतात 'कंद' म्हणजे जमिनीखाली फुगणारं काहीही. सुरण कंद, कमळाचा कंद, ऋषिमुनींच्या कंदमुळांतला कंद. मराठीनं या भल्यामोठ्या गोतावळ्यातून एकालाच उचललं आणि घराण्याचं आडनाव त्याला एकट्याला देऊन टाकलं: कांदा. बाकीच्यांना आपापली नावं शोधा म्हणून सांगितलं.

उलटा प्रवास दुसऱ्या भाषांत दिसतो. फारसीत 'पियाज' म्हणजे कांदा, पण ट्यूलिपचा गड्डाही पियाज आणि केसाचं मूळसुद्धा पियाज. जर्मनात 'त्स्विबेल' म्हणजे कांदा, पण फुलझाडाचा कुठलाही गड्डा त्स्विबेलच. तुर्कीतला 'सोआन' तसाच. त्यांनी कांद्यावरून कंद ओळखला, आपण कंदावरून कांदा. मला आपली रीत जास्त आवडते. चारशे कंदांमधून एकच पोटापाण्याचा, हे ओळखायला शेतकऱ्याची नजर लागते.

ही निवड मराठीनं एकटीनं केलेली नाही. माळव्यात, राजस्थानात कांदाच म्हणतात. सुरगाण्याच्या डोंगराखाली उतरून दक्षिण गुजरातेत गेलात तर तिथेही कांदा. सौराष्ट्रात मात्र 'डुंगळी' मागावी लागते, आणि भावनगर जिल्ह्यातलं महुवा हे डुंगळीचं मोठं ठाणं आहे. गोव्या-मंगळूरकडच्या कोकणीत 'कांदो'ही चालतो आणि 'पियाव'ही. तेलुगूनं तर मराठीसारखाच विचार केला. 'गड्डा' हा शब्द तिथेही गड्ड्यालाच आहे. लाल गड्डा म्हणजे 'एर्रगड्डा', म्हणजे कांदा. पांढरा गड्डा म्हणजे 'तेल्लगड्डा', म्हणजे लसूण. रंग सांगितला की काम झालं. पंजाबीत 'गंढा' म्हणतात आणि 'गंढ' म्हणजे गाठ. छत्तीसगडीत 'गोंदली'. ही नावं नुसती उच्चारली तरी तोंडात काहीतरी गोल फिरल्यासारखं वाटतं.

इथे एक जोडनाव सोडवून टाकू. 'गुलकंद' आणि 'कलाकंद' यांतला कंद आपल्या कंदाचा कोणी लागत नाही. तो फारसीतला 'कंद' म्हणजे साखर. ती फारसी साखर मुळात संस्कृत 'खंड'पासून, म्हणजे खडीसाखरेच्या खड्यापासून गेलेली, आणि तीच पुढे इंग्रजीत 'कँडी' झाली. त्यामुळे कांदा आणि कँडी यांचं नातं लावणारा संदेश मोबाइलवर आला, तर पुढे पाठवू नका.

राजमार्गावरचा प्याज

नाशिकचं जमिनीतून उगवलेलं 'कांदा' हे नाव एकीकडे आणि लष्कर-व्यापाऱ्यांच्या वाटेनं आलेलं नाव दुसरीकडे. इराणात पियाज, काबूलमध्ये पियाज, लाहोर-दिल्लीत प्याज, ओडिशात पिआज, ढाक्यात पेंयाज. तेहरानपासून ढाक्यापर्यंत एकच शब्द, फक्त य आणि ज यांच्या मधे थोडी ओढाताण. हिंदी-उर्दूत 'प्याज़ी' हा रंगही आहे, कांद्याच्या सालीचा फिका गुलाबी. आपल्याकडे दुकानदार सरळ 'ऑनियन कलर' म्हणतो. येवल्यात पैठणी विणली जाते आणि त्याच गावात कांद्याचा मोठा बाजारही भरतो, तरी या रंगाला खणखणीत मराठी नाव रूढ झालं नाही याचं मला वाईट वाटतं. 'कांदई' म्हणा, काय बिघडतं?

दुसरी वाट अरबांची. अरबीत कांदा 'बसल', हिब्रूत 'बत्साल'. इजिप्तमधून निघालेले इस्राएली लोक वाळवंटात कुरकुरतात तेव्हा त्यांना ज्या जिनसांची आठवण येते, त्यांत कांदा-लसूण आहेत, असं बायबल सांगतं. हाच बसल सिंधमध्ये उतरला, ल चा र झाला आणि 'बसर' झाला. देवळाली कॅम्पातल्या एखाद्या सिंधी आजींना विचारा, बसर म्हणजे काय ते लगेच हसून सांगतील. अरबीत एक म्हण फार चालते: एक दिवस असल, एक दिवस बसल. असल म्हणजे मध. आज मध, उद्या कांदा. म्हण अरबांची, पण सकाळी उठून आधी मार्केट काय निघालं ते बघणाऱ्या निफाड-चांदवडच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. फक्त त्याच्याकडे कधी कधी कांदाच मध असतो आणि कधी कांदाच कांदा.

दक्षिणेत 'उळ्ळी'चं राज्य. कानडीत 'ईरुळ्ळी', धारवाड-बेळगावकडे 'उळ्ळागड्डी', लसूण म्हणजे 'बेळ्ळुळ्ळी', पांढरी उळ्ळी. आपल्याकडे नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला विचारा, कांद्याचं काळंभोर बी म्हणजे काय? तो 'बियाणं' म्हणणार नाही. 'उळं' म्हणेल. उळं टाकलं, रोप झालं, मग लागण. बेळगावच्या उळ्ळागड्डीहून परतताना हा शब्द कानावर पडला की मान आपोआप वळते.

मल्याळममध्ये मोठ्या कांद्याला 'सवाळ' म्हणतात. हा कुठला? पोर्तुगीज 'सेबोला'. मिरी न्यायला आलेल्या पोर्तुगिजांनी जाताना मलबारच्या स्वयंपाकघरात एक शब्द ठेवून दिला. आपल्याकडेही त्यांनी तेच केलं, फक्त कांद्याच्या जोडीदाराच्या बाबतीत. बटाटा पोर्तुगीज 'बटाटा'वरून आला, आणि तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा. म्हणजे 'कांदाबटाटा' हा मराठी रश्श्याचा पाया अर्धा संस्कृत, अर्धा कॅरिबियन. रस्सा मात्र शंभर टक्के आपला.

तामिळमध्ये 'वेंगायम'. तिथले समाजसुधारक पेरियार रामस्वामी हा शब्द शिवीसारखा वापरत. एखादी रूढी, एखादा युक्तिवाद पोकळ वाटला की 'वेंगायम!' सोला, सोलत राहा, शेवटी हातात काही येत नाही, असा त्याचा भाव. आपल्या अरणच्या सावता माळ्यांनी मात्र आपल्या प्रसिद्ध अभंगात मळ्यातल्या कांद्यामुळ्यालाच विठाबाई मानलं. एकाला कांद्यात काहीच सापडत नाही आणि दुसऱ्याला थेट देव सापडतो. भाजी तीच, गिऱ्हाईक वेगळं.

रोमच्या शेतकऱ्यांचा 'एकटा'

लॅटिनमध्ये कांद्याचं घरंदाज नाव 'सेपा'. त्याचंच लाडकं रूप होऊन इटालियन 'चिपोला', स्पॅनिश 'सेबोया', पोर्तुगीज 'सेबोला', पोलिश 'त्सेबुला' आणि थोडी तोडमोड होऊन जर्मन 'त्स्विबेल' तयार झाले. शास्त्रीय नावातही तेच आहे: अलियम सेपा.

मग इंग्रजीतला 'ऑनियन' कुठून टपकला? कोलुमेला नावाचा शेतीवर लिहिणारा एक रोमन पहिल्या शतकात होऊन गेला. त्यानं नोंदवून ठेवलंय की एका जातीच्या कांद्याला शेतकरी लोक 'उनिओ' म्हणतात. 'उनुस' म्हणजे एक. फुटवे न येता एकच गड्डा धरणारा म्हणून उनिओ, असं एक मत. पापुद्रे एकवटलेले म्हणून, असं दुसरं. मी पहिल्याच्या बाजूनं, कारण ही भाषा मला ओळखीची वाटते. आमच्याकडे गड्डा दुभंगला तर 'जोड कांदा', फुलाचा दांडा निघाला तर 'डेंगळा', आणि दोन्हींचं लिलावात नाक मुरडून स्वागत. रोमच्या शेतकऱ्यालाही जोड नको असणार. अख्खा, एकटा, गरगरीत गड्डा हवा असणार.

पुढे काय झालं, तर विद्वानांचा सेपा फ्रान्स आणि इंग्लंडात मागे पडला आणि बांधावरचा उनिओ जिंकला. फ्रेंच 'ओन्यों', इंग्रजी 'ऑनियन'. बिचाऱ्या सेपाच्या वाट्याला इंग्रजीत नाजूकशी कांद्याची पात आली, तिला 'चाइव्ह' म्हणतात. ज्या 'उनुस'पासून ऑनियन, त्याच 'उनुस'पासून 'युनियन'. कांदा व्यापाऱ्यांची युनियन असं आपण म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणत असतो. शिवाय रोमन लोक टपोऱ्या एकेरी मोत्यालाही उनिओच म्हणत. मोती आणि कांदा एकाच नावाचे! आपल्याकडे भाव चढले की घरोघरी हीच तुलना होते.

फ्रेंचांचं एक प्रकरण सांगायलाच हवं. त्यांच्या 'ओन्यों'मध्ये एक 'आय' हे अक्षर उगाच बसलेलं आहे, उच्चारात येत नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत ते गाळायला परवानगी मिळाली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१६ मध्ये शाळेची पुस्तकं नव्या लेखनाप्रमाणे निघणार म्हटल्यावर मात्र फ्रान्सभर गहजब झाला. ऱ्हस्व-दीर्घावरून हातघाईवर येणाऱ्या मराठी माणसाला तिथे अगदी घरच्यासारखं वाटलं असतं. हेच फ्रेंच 'तू तुझं बघ' याला 'तू तुझे कांदे बघ' म्हणतात. आणि स्पॅनिशमध्ये प्रेमात पडलेला गडी म्हणतो, तू असलीस तर भाकरी आणि कांदा पुरे. आपल्याकडे 'कांदाभाकर खाईन पण' असं वाक्य सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा पुढे प्रेम नसतं, स्वाभिमान असतो. प्रेमाचं खातं आपण कांदेपोह्यांकडे दिलंय.

दुरून आलेला पाहुणा

चीन-जपानकडे वळलं की कांदा एकदम परका होतो. त्यांच्याकडे पातीचा कांदा पूर्वापार होता, गड्ड्याचा नव्हता. त्यामुळे चिनी 'यांगत्सोंग' म्हणजे समुद्रापलीकडची पात. कोरियन 'यांगपा' तेच. व्हिएतनामी 'हान्ह ताय' म्हणजे पश्चिमेकडची पात. जपान्यांनी मात्र कोण कुठला विचारण्यापेक्षा आकार पाहिला आणि 'तामानेगी' म्हटलं. तामा म्हणजे चेंडू, नेगी म्हणजे पात. चेंडूवाली पात. कांदा कापताना डोळ्यांत पाणी आणणारं रसायन कोणत्या विकरामुळे तयार होतं, ते २००२ साली याच जपान्यांनी शोधलं. त्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. रडवणाऱ्या वस्तूसाठी हसवणारं बक्षीस, हिशोब चोख.

परकेपणाचा शिक्का आपल्याकडेही बसला होता, हे मात्र आपण सोयीनं विसरतो. संस्कृतात कांद्याला 'पलांडु' म्हणतात आणि त्याच्यावर धर्मशास्त्राची खप्पामर्जी. कोशांत 'यवनेष्ट' असंही एक नाव सापडतं, म्हणजे यवनांना आवडणारा. (पांडवलेण्यांत लेणं दान देणारा एक यवनही आहे. इंद्राग्निदत्त त्याचं नाव. त्यानं जेवणात काय खाल्लं ते शिलालेखात नाही, पण मला उत्सुकता आहे.) चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात फिरला तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की कांदा-लसूण इथे फार थोडे लोक खातात आणि जे खातात त्यांना गावाबाहेर काढतात. हाच ह्युएन त्संग ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्यानं वर्णन केलेली राजधानी म्हणजे नाशिकच, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ते खरं मानलं, तर आजच्या नाशिकमध्ये त्याच्या नियमाप्रमाणे गावात कोण उरेल? पुजारी आणि चातुर्मास पाळणाऱ्या आज्या. तेही चारच महिने.

अमरकोशात मात्र पलांडुचा प्रतिशब्द म्हणून 'सुकंदक' दिलाय. चांगला कंद. म्हणजे एकीकडे निषेध चालू आणि दुसरीकडे कोशकार हळूच शिफारस करतोय. आपल्या घरातही अगदी हीच तडजोड आहे, तिचं नाव कांदेनवमी. आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका, काय ते करून घ्यायचं. दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि चातुर्मास सुरू, मग बंद. एखादी गोष्ट सोडण्याआधी तिच्या नावानं सण करायचा, ही युक्ती ज्यानं काढली तो माणूस नक्की खवय्या असणार.

लसणीची नावंही चवदार आहेत. 'लशुन'ला संस्कृतात 'रसोन'ही म्हणतात आणि वैद्य त्याची फोड करतात रस-ऊन, एक रस कमी असलेला. सहा रसांपैकी पाच आहेत, आंबट तेवढा नाही. इंग्रजी 'गार्लिक' म्हणजे जुन्या भाषेत भाल्याची पात, पाकळीचा आकार बघून. एकानं चव मोजली, दुसऱ्यानं हत्यार पाहिलं. इंडोनेशियात 'बावांग मेराह' म्हणजे लाल कांदा आणि 'बावांग पुतिह' म्हणजे लसूण, आणि या दोघी तिथल्या एका लोककथेतल्या सावत्र बहिणी आहेत. गुणी बहुतेक वेळा लसूण असते आणि खाष्ट कांदा. इंडोनेशियाच्या गोष्टीत आम्हा नाशिककरांना बाजू मांडायला कोणी बोलावलं नाही.

लिलावातलं एक वाक्य

लासलगावला आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणतात. इथे एक साधं वाक्य ऐका: 'लिलाव झाला, हमालांनी गोण्या भरल्या, क्विंटलला काय भाव निघाला ते बाजारभर झालं.' या एका वाक्यात किती मुलुख आहेत पाहा. 'लिलाव' पोर्तुगीज 'लेइलांव'वरून, आणि तो अरबीतल्या जाहीर करण्याच्या शब्दावरून. 'हमाल' अरबी, ओझं वाहणारा. 'गोणी' संस्कृत, आणि तीच इंग्रजीत जाऊन 'गनी बॅग' झाली. 'बाजार' फारसी. 'भाव' आपला, संस्कृतातला, जो मनातही असतो आणि पाटीवरही, आणि दोन्हीकडे सारखाच अस्थिर. सगळ्यात लांबचा प्रवास 'क्विंटल'चा. लॅटिनमध्ये शंभराचा म्हणून निघालेला शब्द ग्रीकमार्गे पूर्वेला गेला, अरबीत 'किंतार' झाला, अरबांनी तो परत युरोपला दिला आणि फ्रेंच-इंग्रजांकडून तो आपल्या काट्यावर आला. शंभराचा अर्थ एवढ्या फिरतीतही शाबूत राहिला, क्विंटलला शंभरच किलो.

याच बाजारात ऐकायला मिळतात ते अस्सल घरचे शब्द. पावसाळी लाल कांदा 'पोळ', त्याच्या मागून येणारा 'रांगडा', आणि टिकाऊ तो 'उन्हाळ'. लहान गड्डे 'गोल्टी'. पात पिवळी पडून आडवी झाली की 'माना पडल्या', म्हणजे काढणीला घ्या. साठवण 'चाळीत'. मुंबईत चाळीत माणसं राहतात, नाशिकला कांदे. दोघांनाही वारा खेळता लागतो आणि भाव येईपर्यंत दोघंही जागा सोडत नाहीत. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरणांचा मारा करणारं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली लासलगावलाच उभारलं. त्याचं नाव 'कृषक': कृषी उत्पादन संरक्षण केंद्राची आद्याक्षरं जुळवून केलेलं. सरकारी खात्यानं जुळवलेलं आणि तरी अर्थ लागणारं नाव विरळा, म्हणून नोंद करून ठेवतोय.

गावावरून कांदा, कांद्यावरून गाव

अमेरिकेतलं शिकागो घ्या. गणपतीत ढोल बडवणारी मराठी मंडळी तिथे भरपूर आहेत. शिकागो हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'शिकाक्वा'वरून आलं आणि त्याचा अर्थ रानकांदा, नदीकाठी उग्र वासानं दरवळणारा. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या शहराला कांद्याचं नाव आहे आणि ते नाशिक नाही!

याच शिकागोत १९५५ साली दोन व्यापाऱ्यांनी वायदेबाजारात कांदा असा कोंडला की शहरातला जवळजवळ सगळा साठा त्यांच्या हातात. मग त्यांनी तो एकदम बाजारात ओतला आणि मंदीवर पैसा केला. १९५६ च्या मार्चमध्ये पोत्याचा भाव १० सेंटवर आला, रिकामं पोतं त्याहून महाग. शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला आणि १९५८ मध्ये अमेरिकेनं कायदाच करून कांद्याचा वायदा बंद केला. तो आजही बंद आहे. तेलाचा वायदा चालतो, सोन्याचा चालतो, डुकराच्या मांसाचा चालतो, कांद्याचा नाही. ट्रॉलीच्या डिझेलचेही पैसे सुटत नाहीत म्हणून कांदा रस्त्यावर ओतणारा आमचा शेतकरी आणि तो अमेरिकन शेतकरी एकमेकांना भेटले असते तर दुभाष्या लागला नसता. उलट बाजूही आहेच: १९९८ मध्ये दिल्ली राज्याचं सरकार निवडणुकीत पडलं तेव्हा त्याचं खापर प्याजवरच फोडलं गेलं. पडताना भावानं शेतकऱ्याला रडवलं, चढताना मंत्र्याला.

कांद्यावरून शहराचं नाव क्वचितच पडतं, शहरावरून कांद्याची नावं मात्र बरीच. भूमध्य समुद्राकाठी अस्कलॉन नावाचं जुनं बंदर होतं, आज ते इस्रायलमध्ये आहे. तिथल्या कांद्याला रोमन लोक 'अस्कलोनिया' म्हणत. त्याची झीज होत होत फ्रेंच 'एशालोत' झाला आणि इंग्रजीत 'शॅलट' व 'स्कॅलियन' असे दोन शब्द झाले. हॉटेलात शॅलट मागणाऱ्याला आपण एका बंदराचं नाव घेतोय याचा पत्ता नसतो. तामिळनाडूच्या दक्षिणेत मोठ्या कांद्याला 'बेल्लारी वेंगायम' म्हणतात, कर्नाटकातल्या बळ्ळारीवरून.

आणि इंडोनेशियात? तिथला घरचा कांदा म्हणजे बारीक लाल. आपल्यासारखा मोठा, गरगरीत गड्डा दिसला की त्याला ते म्हणतात 'बावांग बॉम्बे'. मुंबईचा कांदा. मुंबईत कांदा पिकत नाही, पिकवायला जागा नाही, असती तर त्यावर टॉवर झाला असता. पण बंदर मुंबईचं, म्हणून नाव मुंबईचं. निफाड, येवला, चांदवड, सटाणा, कळवणच्या शेतांत पाठ मोडून काढलेला माल बंदरावर पोचला की गावाचं नाव पोत्याबाहेर राहतं, ही व्यापाराची जुनी खोड. अस्कलॉनच्या मागच्या शेतांचं तेच झालं असणार.

२०१६ मध्ये 'लासलगाव कांदा' या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. आता कागदोपत्री हे नाव दुसऱ्या कोणाला लावता येत नाही. जकार्ताच्या मंडईत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही. तिथे अजून बॉम्बेच मागतात, आणि बॉम्बेची मुंबई होऊन १९९५ पासून इतकी वर्षं झाली, तेही त्यांना कोणी सांगितलेलं नाही.